हुबाख जेवतो कुठे?

फ्रांकफुर्ट, २८ मे १८४८

प्रिय एर्नेस्टीना,

तू रागावून भावाच्या गिरणीवर जाऊन बसलीस. ठीक आहे, बस. परत ये म्हणायला मी हे पत्र लिहीत नाहीये. राष्ट्रसभेच्या सभासदाने घरच्या माणसांना खुशाली कळवायची असते, म्हणून लिहितोय.

निवडणुकीच्या सभेत माणूस जे बोलतो ते मनावर घ्यायचं नसतं, हे सगळ्या क्लाइनरोडाला कळलं, फक्त तुला कळलं नाही. मी बाजारात पिंपावर उभा, समोर अख्खं गाव गप्प, आणि पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मित्रहो, एकाच माणसाची मनमानी सत्ता कशी असते ते मला ड्यूकसाहेबांकडून शिकायला नको. मी ती रोज घरात बघतो!" लोक पोट धरधरून हसले, टोप्या उडाल्या, मी निवडून आलो. तू वरच्या खिडकीत उभी होतीस हे मला कोणीतरी आधी सांगायला नको होतं का? पण नाही. आपल्या गावात नको त्या गोष्टी तेवढ्या सांगतात.

असो. इथे सगळं उत्तम आहे. सभा एका गोल चर्चमध्ये भरते. अध्यक्षांच्या डोक्यावर जर्मानिया देवीचं भलंमोठं चित्र टांगलंय. बाई धिप्पाड आहे आणि तिची नजर थेट माझ्या बाकावर येते. मी बाक बदलून पाहिला. तरी येतेच.

खोली श्नेप्फ नावाच्या विधवेकडे घेतली आहे. वयस्कर, देवभोळी बाई. ऐकूही कमीच येत असावं.

आम्ही इथे आलोय सगळ्या जर्मनांचा एक देश करायला. पण तुझं मत काय, असं इथे कोणी कोणाला विचारत नाही. विचारतात, "जेवता कुठे?" कारण ज्या खाणावळीत जे लोक संध्याकाळी जमतात, त्या खाणावळीचं नाव तेच त्यांच्या पक्षाचं नाव. 'सोन्याची किल्ली'वाले म्हणजे राजेलोकांना सांभाळून घेणारे, बहुतेक सगळे प्राध्यापक. 'काळा बोकड'वाले म्हणजे राजेच नकोत म्हणणारे, बहुतेक सगळे दाढीवाले. मधे आणखी चार-पाच खाणावळी आहेत, त्यांचं त्यांनाही नक्की माहीत नाही. मी अजून कुठलीच धरलेली नाही. बोकडात मसुराचं सूप झकास मिळतं आणि किल्लीत आलुबुखाराचा केक. माझ्या पोटाला काय मानवेल असं तुला वाटतं? अगदी सहज विचारतोय.

आणि सभेत तपकिरी जाकीट चालेल का?

तुझा,
लेबरेख्ट


फ्रांकफुर्ट, २ जुलै १८४८

प्रिय एर्नेस्टीना,

माझ्या सगळ्या पत्रांना मिळून तुझ्या भावाचं एक उत्तर आलं. ते जसंच्या तसं खाली देतो, म्हणजे राष्ट्रसभेच्या सभासदाशी एक पीठवाला कसा बोलतो ते तुला कळेल.

"लेबरेख्ट, एर्नेस्टीनाला विचारलं काय लिहू. म्हणाली, त्याला म्हणावं, आयुष्यात एक तरी गोष्ट मला न विचारता ठरव. ठरवलीस की कळव, मग मी घरी येण्याचं बघेन. तोवर मी इथेच. जाकिटाबद्दल काही बोलली नाही. हार्टविग."

वा! म्हणजे मी काहीच ठरवत नाही? दुकानाच्या दाराला हिरवा रंग कोणी दिला? रंग तू निवडलास, कबूल, पण ब्रश आणायला कोण गेलं? खोकल्याच्या औषधात बडीशेप घालायला कोणी सुरुवात केली? तेही तूच सुचवलंस, पण घातली मी.

ते जाऊ दे. तुझी अट मला मान्य आहे. ती मान्य करू की नको, हे मी कोणालाही विचारलेलं नाही. तेव्हा ही एक गोष्ट मी ठरवली असं धरता येईल का? कळव.

आता आनंदाची बातमी. मी सभेत भाषण केलं! आधी 'किल्ली'चे प्राध्यापक लिंडेनाऊ बोलले. शांत, गोरा, चष्मेवाला माणूस. त्यांचं म्हणणं, देशाला एक मुकुट हवाच. मला अगदी पटलं. मग 'बोकडा'चे ट्रुट्झ बोलले. हे वर्तमानपत्र चालवतात आणि बोलताना कठड्यावर मुठी आपटतात. त्यांचं म्हणणं, मुकुट वितळवून त्याचे चमचे करा. तेही मला पटलं. तेवढ्यात अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी वर गेलो, ती चित्रातली बाई बघतच होती, आणि मी म्हणालो, "माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांशी मी पूर्णपणे सहमत आहे." आणि खाली आलो.

एवढा हशा त्या चर्चमध्ये कधी झाला नसेल. पण खरी गंमत पुढे आहे. लिंडेनाऊंनी बाहेर मला गाठलं, "हुबाख, तुम्ही समंजस आहात. आज आमच्याकडे जेवायला या." ट्रुट्झने पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा खाली पडला. म्हणाला, "औषधवाले, भित्रे आहात, पण मन साफ आहे तुमचं. उद्या बोकडात!" मी दोघांनाही हो म्हणालो. जेवणाला नाही कसं म्हणायचं?

तुझा,
लेबरेख्ट

ता. क. तपकिरीच घालतोय.


फ्रांकफुर्ट, २० सप्टेंबर १८४८

प्रिय एर्नेस्टीना,

वर्तमानपत्रात वाचलं असशील, म्हणून घाईने लिहितोय. मी सुखरूप आहे.

सोमवारी इथे रस्त्यात फरसबंदी उखडून लोकांनी आडोसे उभे केले. डेन्मार्कशी झालेल्या तहाला सभेने मान्यता दिली, ती लोकांना पसंत नाही आणि त्याचा राग आमच्यावर निघाला. मग लष्कर आलं, गोळ्या सुटल्या. मी त्या वेळी श्नेप्फबाईंच्या तळघरात बटाट्याची पोती तपासत होतो. पोती बरीच होती, त्यामुळे तपासणी अंधार पडेपर्यंत चालली.

थट्टा बास. आमच्यातल्या दोन सभासदांना जमावाने गावाबाहेर गाठून ठार मारलं. परवापर्यंत चर्चमध्ये आमच्यासारखीच खोकत बसलेली माणसं. कालपासून बोकडात आणि किल्लीत सगळे हलक्या आवाजात बोलतायत.

मंगळवारी सकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात दोघांना आणलं. एका सुताराच्या दंडातून गोळी आरपार गेली होती, आणि एक लष्करातला, हेसन संस्थानाचा शिपाई, दगड लागून डोकं फुटलेलं. दोघांना एकाच टेबलावर बसवून मी पट्ट्या बांधल्या. दोघं सबंध वेळ एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघत होते. शेवटी सुतार म्हणाला, "त्याला विचारा, दगड मोठा होता का." शिपाई म्हणाला, "त्याला सांगा, होता." मग दोघांनी ब्रँडी घेतली.

पट्ट्या बांधताना काय करू आणि कसं करू, असं कोणाला विचारायची वेळच आली नाही. पण ते माझं रोजचं कामच आहे, त्यामुळे ते तुझ्या अटीत धरू नकोस.

मला तुझी फार आठवण आली, टीना. तळघरात तर फारच.

तुझा,
लेबरेख्ट


फ्रांकफुर्ट, १९ नोव्हेंबर १८४८

प्रिय एर्नेस्टीना,

हार्टविग जात्याचे दगड घ्यायला इथे येऊन गेला, हे तुला कळलं असेलच. तो माझ्या खोलीवर जेवला, हेही. तेव्हा आणखी काही कळायच्या आत एक दुरुस्ती करतो. श्नेप्फबाई वयस्कर आहेत असं मी लिहिलं होतं. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. ऐकूही नीट येतं. सकाळी गातात. मी पहिल्या दिवशी त्यांना पाठमोरं पाहिलं होतं, त्यातून तो गैरसमज झाला.

तुझ्या मनात काही येत असेल तर ते काढून टाक. बाईंचं माझ्याबद्दल काय मत आहे ते त्यांनी परवाच ऐकवलं, आणि तुझ्या भावाने ते कान देऊन ऐकलं. तो सांगेलच, म्हणून मीच सांगतो.

बाई म्हणाल्या, "हुबाखसाहेब, सूप करू की खिमट?"

मी म्हटलं, "तुम्हाला सोयीचं असेल ते."

"बरोबर सॉसेज देऊ की अंडी?"

"तुम्हाला वाटेल तसं."

बाईंनी डाव खाली ठेवला. "आमचे श्नेप्फही असंच म्हणायचे. लोकांना वाटायचं, काय गरीब माणूस, बायकोच्या मुठीत आहे बिचारा. अहो, मूठ कसली? सगळा भार माझ्यावर टाकून हा मोकळा! बरं झालं तर नशीब, बिघडलं तर मी. तुमची बायको घर सोडून गेली याचं मला काही नवल वाटत नाही. इतकी वर्षं टिकली कशी, याचं वाटतं."

हार्टविगने आपलं आधीच मागून घेतलं होतं. त्याने ताटावरून मान वर केली नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

मी ताठ बसून म्हटलं, "अंडी."

"उकडलेली की तळलेली?"

यावर मी विचार करू लागलो. तो पूर्ण होईपर्यंत बाईंनी चूल विझवली. त्या दिवशी मला पाव मिळाला.

इथल्या बायका फार फटकळ आहेत. मी खोली बदलणार होतो. बदलू का?

चर्चमध्ये गरम हवेचे नळ बसवतायत म्हणून आम्ही दुसऱ्या चर्चमध्ये बसतो. तिथे नळ नाहीत आणि जागाही नाही, पण ती चित्रातली बाई मात्र नाही.

तुझा,
लेबरेख्ट


फ्रांकफुर्ट, १४ जानेवारी १८४९

प्रिय एर्नेस्टीना,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. खोली बदललेली नाही.

मी थोडासा अडचणीत आहे. थोडासाच. आम्ही पुन्हा गोल चर्चमध्ये, त्या चित्रातल्या बाईसमोर आलोय, आणि सभेपुढे आता मोठे प्रश्न आलेत. ऑस्ट्रियाला आपल्या देशात घ्यायचं की बाहेर ठेवायचं? देशाचा प्रमुख सम्राट असावा की नसावा? आणि असला तर त्याच्या मागे त्याच्या मुलाला आपोआप गादी मिळावी की नको? शेवटच्या प्रश्नावर सभा अशी बरोबर मधोमध चिरली गेलीय की एखाद्याला सर्दी झाली तरी दोन्हीकडचे लोक त्याच्या बिछान्याशी जाऊन बसतात. कालच एका म्हाताऱ्या सभासदाला किल्लीवाल्यांनी खुर्चीत बसवून सभेत आणलं, आणि बोकडवाल्यांनी त्याच खुर्चीचा मागचा पाय धरून ठेवला.

प्रत्येक पक्ष आता संध्याकाळी ताटं मोजतो. जो आपल्याकडे जेवला तो आपला. आणि मी (हे तुला आधी लिहायचं राहिलं) सोमवार, बुधवार, शुक्रवार बोकडात जेवतो आणि बाकीचे दिवस किल्लीत. उन्हाळ्यापासून. बोकडात भिंतीवर माझा मग टांगलाय. किल्लीत जेवणाचा रुमाल अडकवायचं माझ्या नावाचं कडं आहे. बोकडात मला वाटतं, ट्रुट्झ म्हणतो ते खरं. किल्लीत केक येईपर्यंत तसंच वाटत राहतं, मग लिंडेनाऊ बोलायला लागतात. थोडक्यात, दोन्हीकडचे लोक मला आपल्यात मोजतायत.

हे कपट नाही, एर्नेस्टीना. मला कोणी विचारलंच नाही. सगळ्यांनी फक्त वाढलं.

मी तुला काही विचारत नाहीये, हे लक्षात घे. तुझी अट मला ठाऊक आहे. पण समजा, एखाद्या गावात एखाद्या औषधवाल्याची हुशार बायको असेल आणि ती गिरणीवर राहत असेल, तर अशा बाईला वंशपरंपरेच्या सम्राटाबद्दल साधारण काय वाटत असेल? तिने हो किंवा नाही एवढंच एका चिठोऱ्यावर लिहून पिठाच्या गाडीबरोबर पाठवलं तरी चालेल. सही नको.

तुझा,
लेबरेख्ट


फ्रांकफुर्ट, २५ मार्च १८४९, रविवार

प्रिय एर्नेस्टीना,

पिठाच्या गाडीबरोबर फक्त पीठ आलं. मी पोत्यात हात घालून पाहिला.

आज दुपारी भांडं फुटलं. परवा मंगळवारी सम्राटाच्या वंशपरंपरेवर मत आहे. नाव पुकारतील, उभं राहून मोठ्याने हो किंवा नाही म्हणायचं. त्यासाठी दोन्ही खाणावळींनी शेवटची माणसं गोळा करायला सुरुवात केली. लिंडेनाऊ माझ्याकडे आले, हातात केक. ते बसतात न बसतात तोच ट्रुट्झ आला, हातात सुपाचा डबा. श्नेप्फबाईंनी दोघांना एकाच सोफ्यावर बसवलं, कारण दुसरा नाही.

लिंडेनाऊ म्हणाले, "आमच्या सभासदाकडे आपलं काय काम?"

ट्रुट्झ म्हणाला, "तुमचा सभासद? अहो, हा आमच्याकडे जूनपासून जेवतोय!"

"हुबाख आमच्याकडे जेवतात. कालच बदक खाल्लं त्यांनी."

"आमच्याकडे बटाट्याचे गोळे खाल्ले. सात!"

मग दोघांनी सोफ्यावरून माझ्याकडे पाहिलं. काय सांगू तुला! माझं धाबं दणाणलं. लिंडेनाऊंचा चेहरा पांढरा पडला. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला माझ्या मुलींची ओळख करून दिली होती, हुबाख." ट्रुट्झ ओरडला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. तो म्हणाला, "सप्टेंबरात माणसं मेली, औषधवाले. आणि तुम्ही चवीप्रमाणे ताट बदलत होतात?"

हे मला लागलं. खोटं नाही सांगत. फार लागलं.

मी म्हटलं, "मंगळवारी सांगतो."

"कोणाच्या बाजूने?"

"ते मला अजून माहीत नाही," मी म्हटलं. "पण तुम्हा दोघांनाही विचारणार नाही."

केक आणि सूप दोन्ही ते परत घेऊन गेले. बाई दार लावून आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता दोन अंडी तळून समोर ठेवली. मी म्हटलं, "बाई, मला उकडलेली हवी होती." त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आज जी आहेत ती खा. उद्यापासून उकडून देईन."

या पत्रात मी तुला एकही प्रश्न विचारलेला नाही. पुन्हा वाचून खात्री करून घेतली.

तुझा,
लेबरेख्ट


फ्रांकफुर्ट, २९ मार्च १८४९

प्रिय टीना,

मत दिलं.

कसं दिलं ते सांगतो. सोमवारी मी कुठल्याच खाणावळीत गेलो नाही. बाजारातून पाव, कांदा आणि एक भाजलेलं सॉसेज घेतलं आणि माइन नदीच्या काठावर जाऊन बसलो. गंमत म्हणजे, कोणी समोर बसून बोलत नसलं की डोक्यात आपलाच आवाज येतो. मला तो आवडला नाही. किरकिरा आहे. तुला इतकी वर्षं तो ऐकावा लागला असणार, किंवा तोही धड ऐकायला मिळाला नसणार.

मी आपल्या दुकानाचा विचार करत होतो. ते मला बाबांकडून मिळालं, बाबांना आजोबांकडून. मला औषधवाला व्हायचं होतं का? मला कोणी विचारलं नाही. गावालाही कोणी विचारलं नाही की बाबांनो, हा हुबाखचा मुलगा तुम्हाला चालेल का. पहिली काही वर्षं मी किती वाईट औषधं दिली ते तुला माहीत आहे. पाद्रीबुवांचा खोकला त्यांच्याबरोबरच गेला. मी नंतर सुधारलो ते तू मागे उभी राहून बाटल्या तपासायचीस म्हणून. आता दुकानाचं हे असं, तर अख्ख्या देशाचं काय होईल? सम्राटाच्या मुलाच्या बाटल्या तपासायला मागे कोण उभं राहणार? बापाने चांगला कारभार केला म्हणून मुलाच्या हाती न तपासता देश द्यायचा, हे मला पटेना. दोन तास प्रयत्न केला. तरी पटेना.

मंगळवारी चर्च खचाखच भरलं होतं. वरच्या सज्जात बायका रेलून बसल्या होत्या. नावं सुरू झाली. दर नावाला कागदावर काड्या ओढल्याचा आवाज. माझ्या आधीचा गडी हो म्हणाला आणि त्याला नंतर रडू फुटलं, खरंच सांगतो. मग पुकारलं, "क्लाइनरोडाचे हुबाख!" उभा राहिलो. लिंडेनाऊ उजवीकडून बघत होते, ट्रुट्झ डावीकडून, आणि ती धिप्पाड बाई समोरून. मी म्हणालो, "नाही." आवाज एवढा मोठा निघाला की पुढच्या बाकावरचा माणूस दचकला. मीही दचकलो.

आम्ही हरलो, टीना. चार मतांनी. सम्राटाची गादी वंशपरंपरेची झाली. बाहेर लोक चर्चच्या घंटा वाजवत होते आणि मी पायऱ्यांवर उभा होतो. हरलो होतो तरी हलकं वाटत होतं. ट्रुट्झ धावत आला, मला मिठी मारली, "बोकडाचा खरा पठ्ठ्या! चल, तुझा मग भरतो!" मी म्हटलं, "ट्रुट्झ, मी बोकडाचा नाही. ऑस्ट्रियाला बाहेर ठेवायचं, हे लिंडेनाऊंचं मला पटतं, आणि तसं मी त्यांना सांगणारही आहे. आणि तुमच्या सुपात मीठ जास्त असतं." त्याने मिठी सोडली, पण हात धरून ठेवला. मग लिंडेनाऊंकडे गेलो. त्यांनी फक्त मान लववून नमस्कार केला. पूर्वी ते मला खूप बोलायचे, नमस्कार मात्र कधी करत नसत. मला तो नमस्कार आवडला.

आता पुढचं. ईस्टरच्या पुढच्या शनिवारी मी गिरणीवर येतोय. येऊ का, असं विचारत नाही. येतोय. तू घरी यायचं की नाही ते तू ठरव, ते माझ्या हातात नाही. पण तू नसलीस की मला ते घर नको वाटतं, हे सांगायला मी येणार. हे सांगायला पिंपावर चढायची गरज नाही.

तुझा,
लेबरेख्ट


गिरणीवरून, ९ एप्रिल १८४९

लेबरेख्ट,

पत्र मिळालं. हार्टविगला दाखवलं नाही. त्याने मागितलं होतं.

तुझं मत साफ चुकलंय. देश म्हणजे काय खोकल्याचं दुकान आहे? घराला कोणी तरी एक धनी लागतो आणि उद्या कोण असणार ते आजच माहीत असावं लागतं. नाहीतर दर थोड्या वर्षांनी सगळे खुर्च्यांसाठी भांडत बसणार आणि चुलीकडे कोणीच बघणार नाही. तुला ते सम्राटाच्या पोराचं सुचलं. पण तो पोरगा लहानपणापासून तेच काम बघत वाढतो, हे नाही सुचलं? पाद्रीबुवांचं तर नावच काढू नकोस. ते ब्याऐंशी वर्षांचे होते आणि औषध प्यायचेच नाहीत, कुंडीत ओतायचे. त्यांच्या मोलकरणीने मला सांगितलंय. मी असते तर हो म्हटलं असतं. तू विचारलं असतंस तर मी तुला हो म्हणायला सांगितलं असतं, आणि तू म्हटलंही असतंस. बरं झालं विचारलं नाहीस.

काल पेपरात आलं की तुम्ही ज्याला मुकुट देऊ केलात, त्या प्रशियाच्या राजानेच तो नको म्हटला. हार्टविग हसून हसून पिठात पडला. अरे, पाचशे शहाणी माणसं वर्षभर भांडलात, आणि ज्याच्या डोक्यावर ठेवायचा त्याला आधी विचारावं, हे एकालाही सुचलं नाही?

ऑस्ट्रियाबद्दलही माझं तुझ्याहून वेगळं मत आहे. ते पत्रात मावणार नाही.

लेबरेख्ट, तुझ्या त्या भाषणाने मला राग आला होता, पण मी त्यासाठी गेले नव्हते. त्या घरात मी काहीही म्हटलं की तू "तुला वाटेल तसं" म्हणून दुकानात निघून जायचास, आणि मी खोलीत एकटी. बरोबर आहे म्हणणारं नाही, चूक आहे म्हणणारंही नाही. भिंतीशी बोलावं तसं. तुझं हे पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तुझ्याशी कडकडून भांडावंसं वाटलं. किती वर्षांनी, मला आठवत नाही.

शनिवारी ये. गाडी वळणापर्यंतच येते, पुढे चिखल आहे. मी वळणावर उभी असेन. गिरणीपर्यंत यायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात वंशपरंपरेचा विषय संपवू. ऑस्ट्रियाचं घरी जाऊन भांडू.

एर्नेस्टीना